शिरगणतीतला एक प्रश्न : प्रवीण विसारिया यांची आठवण

(मेहकर येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९७९ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



संयोजकांनी यंदा एक बरा नियम केला. प्रत्येक तुकडीतून एकानंच बोलायचं, आणि तेही स्वतःबद्दल नाही, तर आपल्या कामाच्या क्षेत्रातल्या एखाद्या माणसाबद्दल. त्यामुळे कुणाला किती प्लॉट झाले आणि कुणाचा मुलगा कुठल्या देशात आहे, हे जेवणाच्या पंगतीसाठी राखून ठेवलंय.

माझी नोकरी सांख्यिकी कार्यालयातली. जिल्ह्याच्या ठिकाणी हे कार्यालय असतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. लोक आत यायचे ते बहुतेक करून दुसऱ्या कुठल्या तरी कार्यालयाचा पत्ता विचारायला. आम्ही दरवर्षी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' नावाचं पुस्तक काढायचो. किती हेक्टर ओलीत, किती विहिरी, किती शाळा, किती जन्म, किती मृत्यू. ते पुस्तक वाचणारे म्हणजे स्पर्धा परीक्षेची पोरं आणि आम्ही. अशा क्षेत्रातला माणूस निवडायचा म्हणजे तो तुम्हाला अनोळखीच असणार. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते प्रवीण विसारिया मलाही कधी भेटले नाहीत. त्यांना मी ओळखते ती त्यांच्या कागदांतून.

आडनावावरून कळलंच असेल की माणूस मराठी नव्हे. पण मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात ते कितीतरी वर्षं होते, म्हणून थोडे आपलेही. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात लोकसंख्येच्या अभ्यासाचं मोठं केंद्र आहे. तिथून त्यांनी १९६३ मध्ये डॉक्टरेट घेतली. मग मुंबई. पुढे जागतिक बँकेच्या कामासाठी आशियातल्या निरनिराळ्या देशांतल्या घरोघरच्या पाहण्या त्यांनी एकत्र तपासल्या. नेपाळ, श्रीलंका, मलेशिया, तैवान, आणि भारतातून गुजरात व महाराष्ट्र. गरीब घरात माणसं किती, कमावणारे हात किती, खाणारी तोंडं किती, हे एका देशाचं दुसऱ्या देशाशेजारी ठेवून पाहायचं. तो अहवाल १९८० चा. त्यानंतर अहमदाबादला संशोधन संस्था उभारण्याचं आणि चालवण्याचं काम, आणि शेवटी दिल्लीच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ'चं संचालकपद. २००१ मध्ये ते गेले. एवढा फिरलेला माणूस, पण डोक्यात एक प्रश्न तरुणपणी शिरला तो पुढंही सुटला नाही.

प्रश्न साधा आहे. हिंदुस्थानात बायका कमी का?

१९०१ च्या शिरगणतीत हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या. मग दर दहा वर्षांनी आकडा थोडाथोडा खाली यायला लागला. मध्ये एकदा किंचित सावरला, पण १९६१ ला आला ९४१ वर. जगातल्या बहुतेक देशांत उलटं असतं; जन्माला मुलगे थोडे जास्त येतात, पण बायका जास्त जगतात, म्हणून एकूण मोजणीत बायका बरोबरीनं किंवा जास्तच भरतात. मग आपल्याकडे हे काय? साहेबांच्या काळापासून एक उत्तर तयार होतं, आणि ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. उत्तर असं, की बायका आहेत हो, पण मोजणीत सुटतात. पडदा आहे, घरातल्या बाईमाणसाचं नाव परक्याला सांगत नाहीत, लहान पोरी सांगायच्या राहून जातात.

तुमच्यापैकी जे गुरुजी झाले त्यांनी प्रगणक म्हणून हे काम केलेलं आहे. त्यांना माहीत आहे की असं खरंच घडतं. ओट्यावर बसलेला आजोबा घरातल्या माणसांची नावं सांगताना आधी मुलगे सांगतो, मग नातू, आणि पोरी आठवून आठवून सांगतो. तेव्हा हे उत्तर खोटं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की ते पुरेसं आहे का.

विसारियांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा प्रबंध पुढे १९६१ च्या जनगणनेच्या मालेत स्वतंत्र ग्रंथ म्हणून निघाला. लिखाण रूक्ष आहे, खरं सांगायचं तर. तक्ते, तक्ते आणि तक्ते. पण वकील जसा एकेक साक्षीदार पुढे आणतो तसं ते चाललंय. पहिला संशय, मोजणीत चूक. दुसरा, स्थलांतर, माणसं देश सोडून गेली किंवा बाहेरून आली म्हणून प्रमाण बदललं का? तिसरा, आपल्याकडे जन्मालाच मुलगे जास्त येतात का? चौथा, बायका जास्त मरतात का?

तिसऱ्या संशयाच्या बाबतीत मुंबईतच काम झालेलं होतं. आज देवनारला जी लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे ती १९५६ मध्ये केंद्र सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून सुरू केली. त्या वेळी तिचं नाव 'डेमोग्राफिक ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर' होतं. के. व्ही. रामचंद्रन आणि विनायक देशपांडे यांनी देशभरच्या इस्पितळांतल्या लाखो बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या आणि १९६४ मध्ये निष्कर्ष छापला. शंभर मुलींमागे सुमारे १०६ मुलगे. म्हणजे जगात इतरत्र असतं तसंच. आपल्या आयांच्या कुशीत काही वेगळं नव्हतं.

स्थलांतरानं एवढा फरक पडत नव्हता. मोजणीत थोड्या बायका सुटत होत्या, पण तेवढ्यानं एवढी मोठी तूट भरून निघत नव्हती. उरला चौथा संशय, आणि विसारियांनी तोच मुख्य ठरवला. बायका आणि मुली मरत होत्या. पुरुषांपेक्षा जास्त मरत होत्या.

हे वाक्य लिहिण्यासाठी माणसाला केवढा मोठा पुरावा गोळा करावा लागला, याचं मला नवल वाटतं. कारण गावातल्या कुठल्याही म्हातारीला हे ठाऊक होतं. ताट सगळ्यांचं झाल्यावर. दूध मुलाला. मुलगा फणफणला तर बैलगाडी जुंपायची आणि मुलगी फणफणली तर "पोरीची जात, तगते" म्हणायचं. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या जागी दुसरी आणायची. म्हातारीचं कुणी ऐकत नाही, तक्त्याचं कधी तरी ऐकावं लागतं. आमच्या धंद्याचा उपयोग मला विचाराल तर एवढाच आहे.

विसारियांबरोबर आणखी एक नाव घ्यायलाच हवं, पुण्याच्या कुमुदिनी दांडेकरांचं. दांडेकर म्हटलं की आपल्या विदर्भात लगेच अनुशेष आठवतो. १९८४ चा तो अहवाल, प्रत्येक पुढाऱ्याच्या तोंडी असलेला. ते वि. म. दांडेकर. कुमुदिनीबाई त्यांच्या पत्नी, आणि स्वतः लोकसंख्येच्या अभ्यासक. गोखले संस्थेत दोघं. पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंची त्यांनी केलेली पाहणी १९५३ मध्ये दोघांच्या नावानं छापून आली. बाईंनी पुढे महाराष्ट्रातल्या पुरुष नसबंदीच्या शिबिरांचा अभ्यास केला, तो १९६३ मध्ये, आणीबाणीच्या कितीतरी आधी. आणि १९७५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं, भारताच्या लोकसंख्येत स्त्रियांचं प्रमाण का घटत चाललं आहे? कारण १९७१ ला आकडा ९३० वर उतरला होता.

विसारियांचंही घर असंच. लीला विसारिया याही लोकसंख्याशास्त्रज्ञ. नवराबायको एकाच विषयातले, म्हणजे जेवतानाही जन्मदर आणि मृत्युदरच असणार, असं आम्ही कार्यालयात गमतीनं म्हणायचो. मला त्यांच्या घरातलं काही माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी सांगणार नाही. पण मुखपृष्ठं माझ्यासमोर आहेत. भारताच्या लोकसंख्येवर एका अमेरिकन पत्रिकेसाठी दोघांनी मिळून १९८१ मध्ये एक पुस्तिका लिहिली. तिच्यावर आधी प्रवीण, मग लीला. केंब्रिजच्या भारताच्या आर्थिक इतिहासात १७५७ ते १९४७ या काळातल्या लोकसंख्येचं प्रकरण दोघांचं आहे, १९८३ चं. तिथं आधी लीला, मग प्रवीण. १९९५ मध्ये त्याच पत्रिकेसाठी पुन्हा पुस्तिका, आणि पुन्हा आधी लीला. अभ्यासकांच्या जगात नावाचा क्रम ही साधी गोष्ट नसते, त्यावरून भांडणं होतात. ज्या माणसानं सगळं आयुष्य 'घरात बाईला काय मिळतं' हे मोजलं, त्याच्या घरच्या कागदावर बाईचं नाव पुढे जाताना दिसतं. कुटुंबवत्सल माणूस म्हणजे काय, याचा मला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. इथून पुढचं जरा जड आहे, पण आपण सगळे आता साठीच्या पुढचे आहोत, ऐकून घ्याल.

विसारिया तपासत होते त्या काळात मुली जन्माला येत होत्या आणि नंतर जात होत्या. १९६१ मध्ये देशातल्या सहा वर्षांच्या आतल्या पोरांत हजार मुलांमागे ९७६ मुली होत्या. कमतरता दिसायची ती पुढच्या वयात. मग चित्र फिरलं. रोगराई कमी झाली, देवी गेली, लसी आल्या, दवाखाने जवळ आले, बायका जास्त जगायला लागल्या. एकूण आकडा सुधारायला लागला. आणि त्याच वेळी पोरांमधला आकडा कोसळायला लागला. १९९१ ला देशात ९४५. २००१ ला ९२७. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात २००१ ला ९०८ होता, आणि २०११ ला ८५५. राज्याचा ८९४ असताना आपला ८५५. जिल्ह्याची लोकसंख्या त्या दहा वर्षांत साधारण २२ लाख ३२ हजारांवरून २५ लाख ८६ हजारांवर गेली, शाळा वाढल्या, रस्ते झाले, साक्षरता वाढली, आणि हे झालं.

निसर्गानं हजारामागे साधारण साडेनऊशेच्या आसपास मुली असायला हव्यात. आपल्याकडे त्याहून नव्वद-एक कमी. आकडा मोठा वाटत नसेल तर आपल्या शाळेच्या हिशेबानं सांगते. चाळीस मुलगे असलेल्या वर्गात तीन-चार मुली कमी. मुलींच्या बाजूचा एक बाक. २०११ मध्ये मोजलेली ती पोरं २०२० पासून दहावीला बसतायत. म्हणजे या इमारतीत, वरच्या मजल्यावर, तो बाक गेली काही वर्षं रिकामा आहे.

आपल्या तुकडीचा फोटो बाहेर लावलाय. त्यात ३८ मुलगे आणि आम्ही नऊ जणी. पण आमच्या वयाच्या बाकीच्या मुली तेव्हा होत्या, मंडळी. त्या शेतात होत्या, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन होत्या, काहींची तर लग्नं झालेली होती. शाळेत नव्हत्या, पण पैनगंगेवर धुणं धुताना दिसायच्या. आता ज्या जन्माला येतात त्यांना बहुतेक घरं शाळेत पाठवतात, चांगल्या गुणांनी पास होतात, बक्षिसं घेतात. आणि ज्या नाहीत त्या कुठंच नाहीत.

माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या जावेची. तिला विचारून आलेय; ती म्हणाली, "सांगा ताई, फक्त नाव नका घेऊ." १९९३ चं साल. तिला दोन मुली होत्या, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. माझी बदली तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होती. घरातल्या मोठ्या माणसांनी तिला जिल्ह्याबाहेरच्या एका गावी तपासणीला नेलं. कुठं नेतायत हेही तिला नीट सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आणलं, आणि तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे उभी होती, कारण दळण संपलं होतं आणि घरात पाहुणे होते. शेजारी सांगितलं, "टिकलं नाही." महाराष्ट्रात या तपासणीविरुद्ध कायदा झाला तो १९८८ मध्ये, देशात सगळ्यात आधी. म्हणजे कायदा होऊन पाच वर्षं झाली होती. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला.

मी दिवाळीला घरी गेले तेव्हा तिनं मला मागच्या अंगणात सांगितलं. रडली नाही. फक्त विचारलं, "ताई, असं झालेलं तुमच्या हापिसात कुठं लिहितात का?"

नाही लिहीत. जन्माची वही वेगळी, मृत्यूची वेगळी. मेलेलं जन्मलं तर त्याचाही नमुना आहे. कायदेशीर गर्भपाताची नोंद होते. पण चोरून केलेल्या तपासणीनंतर चोरून जे केलं जातं त्याची ओळ कुठल्याच वहीत नसते. मी तिला तेच सांगितलं. त्यानंतर २००१ आले, २०११ आले, आणि तो ८५५ चा आकडा माझ्या टेबलावर आला तेव्हा मला कळलं की लिहिलं जातं, फक्त असं लिहिलं जातं. एकेकीची नोंद नाही, पण सगळ्यांची मिळून एक वजाबाकी आहे. ती वजाबाकी वाचायची कशी, ती मोजणीची चूक म्हणून झटकून टाकता का येत नाही, हे ज्यांनी शिकवलं त्यात विसारिया पहिल्या रांगेत. म्हणून आज त्यांचं नाव घेतलं.

ही गोष्ट अडाणी, गरीब घरातली नव्हे. माझं सासर शिकलेलं आहे, पंचवीस एकर ओलीत आहे. ज्याच्याकडे तपासणीला द्यायला पैसे आणि न्यायला गाडी असते, तोच हे करू शकतो. आपल्या तुकडीतही डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, पंचायत समितीत बसलेले आहेत, आणि आता जवळजवळ सगळेच आजी-आजोबा आहेत. सुनेच्या वेळी घरात शेवटचा शब्द कुणाचा चालतो, हे मी इथं कुणाला सांगायला नको. जाऊबाईच्या वेळी तो शब्द बोलणारी माणसं आपल्या आजच्या वयाचीच होती.

तिच्या त्या दोन्ही मुली आता नोकरीला आहेत. धाकटीनं गेल्या वर्षी आईला काशीला नेऊन आणलं.

विसारियांकडे परत येऊन थांबते. ते गेले त्याच वर्षी, २००१ मध्ये, जनगणना झाली, आणि देशभरात पोरींच्या घटत्या आकड्याची चर्चा सुरू झाली. तीन वर्षांनी एकविसाव्या शतकातल्या भारताच्या लोकसंख्येवर एक मोठा ग्रंथ ऑक्सफर्डनं काढला, त्याच्या तीन संपादकांत लीला विसारिया आहेत. आणि २००७ मध्ये लीलाबाईंनी विमला रामचंद्रन यांच्याबरोबर आणखी एक पुस्तक संपादित केलं, भारतातल्या गर्भपाताच्या प्रत्यक्ष परिस्थितीवर. नवऱ्यानं चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी विचारलेलं होतं की जन्माला आलेल्या मुली जातात कुठं. बायको आता जन्माच्या आधल्या दारापाशी जाऊन उभी राहिली. मी ते पुस्तक मागवून घेतलं तेव्हा निवृत्तीला बरीच वर्षं होती, आणि कार्यालयातल्या तरुण मुलांना मी ते मुद्दाम वाचायला दिलं. एकानं परतच केलं नाही. चांगल्या कामाला गेलं असेल असं समजते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आता २०२७ ची ठरली आहे. म्हणजे २०११ नंतर सोळा वर्षांनी आपल्याला आपला खरा आकडा कळेल. तोवर थांबायची गरज नाही. आशा भेंडे आणि तारा कानिटकर यांचं लोकसंख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक, जे १९७८ पासून आमच्या क्षेत्रातले सगळे वाचत आलेत, त्याची माझी प्रत मी आज शाळेच्या वाचनालयाला दिली आहे. पानांवर माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत, त्याबद्दल ग्रंथपालांनी रागावू नये. आणि गणिताच्या सरांना एक विनंती केली आहे, ती त्यांनी मान्य केली. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पहिल्या वर्षापासूनची नावं आहेत. नववीच्या मुलामुलींनी दर पाच वर्षांचे मुलगे किती आणि मुली किती हे मोजायचं, हजारी प्रमाण काढायचं, आणि आलेख करून तो खालच्या व्हरांड्यात लावायचा. आलेख आधी वर चढेल, कारण मुली शाळेत यायला लागल्या. मग तो कुठं वाकतो ते पाहू. काम डिसेंबरपर्यंत पूर्ण करून देतो, असं सर म्हणालेत. कागद आणि रंगांचा खर्च आपल्या तुकडीकडे.